सत्ता आली, आता कुशाभाऊ कशाला?

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, त्या आळेफाट्यावर कोणत्याही प्रहरी उभे राहिले, तरी कांद्याच्या गोण्यांनी लादलेल्या गाड्या दिसतात. फाट्यापासून जवळच माझे गाव, आळे. ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदविले, त्या रेड्याची समाधी या गावात आहे. जुन्नर परिसरातील वारकऱ्यांचे ते श्रद्धास्थान. पण आज लिहायचे आहे ते गावातील एका घराविषयी आणि त्या घरात मला विचारल्या गेलेल्या एका प्रश्नाविषयी.

या घरी जनसंघाच्या काळापासून प्रचारकांची पंगत बसत आली. घरातील आजोबा जनसंघाचे कार्यकर्ते. आणीबाणीत सत्याग्रह करून ते येरवड्याला गेले, तेव्हा पदरी लहान मुले आणि शेतात उभे पीक होते. सारे आजींनीच निभावून नेले. आजोबा आता नाहीत. त्यांचा नातू अभियंता असून चाकणच्या एका कारखान्यात चांगल्या नोकरीवर आहे. गेल्या खेपेस मी गावी गेलो, तेव्हा घरात थोडे अवघडलेले वातावरण होते. नातवाने नोकरी सोडून दोन वर्षे पूर्णवेळ काम करण्याचा मनोदय बोलून दाखवला होता. आजींनी चहाचा पेला माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "बाळा, तू लिहिणारा माणूस, तूच सांग. ह्यांच्या वेळेला काही नव्हतं. पाच माणसं जमवायची, तर पाच गावं हिंडावी लागायची. तेव्हा कुणीतरी घर सोडायलाच हवं होतं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण आता सगळं आलंय की. दिल्लीत आपलंच राज्य, कार्यालयं झाली, गाड्या झाल्या, माणसांची तर रीघ लागलीये. मग आता आमच्याच पोरानं घर कशाला सोडायचं?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. आजींचा प्रश्न मोहातून आलेला नव्हता. ज्या माउलीने एकदा सर्वस्व दिले, तिने मांडलेला तो रोकडा हिशेब होता. असा हिशेब आज अनेक कार्यकर्त्यांच्या घरांत मनातल्या मनात मांडला जात असेल. परतीच्या वाटेवर मला राहून राहून एका माणसाची आठवण येत होती. त्याचे नाव कुशाभाऊ ठाकरे.

धारचा एक तरुण

ठाकरे हे आडनाव ऐकले की महाराष्ट्रातील आजच्या तरुणाच्या डोळ्यांपुढे मुंबई उभी राहते. भारतीय जनता पक्षाच्या राष्ट्रीय अध्यक्षपदी कुशाभाऊ ठाकरे नावाचा एक मराठी माणूस होऊन गेला, हे सांगितले तर त्याला नवल वाटते. यात त्या तरुणाचा दोष नाही. कुशाभाऊंनी आपले नाव मागे राहावे असे काही केलेच नाही.

१५ ऑगस्ट १९२२ रोजी माळव्यातील धार येथे एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. धार ही राजा भोजाची नगरी. पुढे मराठ्यांच्या उत्तर दिग्विजयात पवारांनी तेथे गादी स्थापन केली आणि मराठी घरे त्या मातीत रुजली. त्याच मातीतला हा तरुण १९४२ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, संघाचा प्रचारक म्हणून घराबाहेर पडला. त्याने पुन्हा स्वतःचा संसार मांडला नाही. देश स्वतंत्र झाला, त्या दिवशी कुशाभाऊंनी पंचविशी पूर्ण केली. बरोबरीची मुले नोकरी-धंद्याच्या वाटा शोधत असताना नीमच, मंदसौर, रतलाम, उज्जैन, झाबुआ या भागांत शाखा उभ्या करत हा तरुण पायपीट करत होता.

मराठी मुलखाने अन्य प्रांतांना असे अनेक संघटक दिले. भाऊराव देवरस आणि नानाजी देशमुख उत्तर प्रदेशात गेले, एकनाथजी रानडे महाकोशलात, दादाराव परमार्थ मद्रासेत. जेथे गेले, तेथलेच ते झाले. कुशाभाऊंना तर जाण्याचीही गरज नव्हती. माळवा त्यांचा होताच. पण तो त्यांनी नकाशावर पाहून नव्हे, तर चालून आपलासा केला. मराठी घरातील संस्कार आणि हिंदी प्रांताचे कार्यक्षेत्र यांत त्यांना कधी अंतर वाटले नाही. भाषेच्या नावाने माणसामाणसांत भिंती उभ्या करू पाहणाऱ्यांनी हे चरित्र एकदा वाचावे.

दहा, एकेचाळीस, अठ्ठ्याहत्तर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत नवा मध्य प्रदेश जन्माला आला. क्षेत्रफळ सुमारे ४ लाख ४३ हजार चौरस किलोमीटर. त्या वेळच्या देशातील सर्वांत विस्तीर्ण राज्यांपैकी एक. मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि महाकोशल असे चार निरनिराळे तुकडे त्यात जोडले गेले होते. रेल्वे थोडी, रस्ते त्याहून थोडे. राजेरजवाड्यांचा आणि काँग्रेसचा दबदबा गावोगावी. याच वर्षी जनसंघाचे प्रांत संघटनमंत्री म्हणून कुशाभाऊंकडे या अफाट प्रदेशाची जबाबदारी आली.

त्यानंतर काय घडले, ते तीन आकडे सांगतात. १९५७ च्या विधानसभा निवडणुकीत जनसंघाला १० जागा मिळाल्या. १९६२ मध्ये ४१. १९६७ मध्ये ७८. दहा वर्षांत जनसंघ हा तेथील प्रमुख विरोधी पक्ष झाला आणि १९६७ मध्ये राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या पुढाकाराने जे संयुक्त विधायक दलाचे सरकार आले, त्याचा एक आधारस्तंभ बनला.

दहाचे अठ्ठ्याहत्तर कसे झाले, याचे रहस्य कोणत्याही सभेच्या वृत्तांतात सापडणार नाही. एका गावी उतरायचे, कोणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकायची, घरच्यांबरोबर मिळेल ती भाकरी खायची, त्या गावातील एक विश्वासू माणूस शोधायचा, त्याच्यावर काम सोपवून पुढच्या गावी जायचे आणि काही महिन्यांनी परत येऊन विचारपूस करायची. ही 'परत येण्याची' शिस्त हीच संघटनशास्त्राची गुरुकिल्ली. भाषण ऐकून माणूस भारावतो, पण भारावलेला माणूस आठवड्यात निवळतो. ज्याच्या घरी कोणीतरी तिसऱ्यांदा, चौथ्यांदा येऊन 'मुलाची परीक्षा कशी झाली' असे विचारतो, तो मात्र आयुष्यभरासाठी जोडला जातो. महाराष्ट्रात हेच व्रत वसंतराव भागवतांनी आचरले. आमच्या शेजारच्या खेड तालुक्यातील कडूसचे सुपुत्र रामभाऊ म्हाळगी यांनी विधिमंडळात आणि संसदेत राहूनही मतदारांशी असेच अखंड नाते ठेवले. ही सारी एकाच पिढीची, एकाच मुशीतली माणसे.

मध्य प्रदेशातील त्या मशागतीचे पीक पुढे भरघोस आले. १९७७ नंतर कैलाश जोशी, वीरेंद्रकुमार सखलेचा आणि सुंदरलाल पटवा असे तीन मुख्यमंत्री याच शेतातून निघाले. १९९० मध्ये भाजपने ३२० पैकी २२० जागा जिंकून स्वबळावर सरकार बनवले आणि पटवा दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. इंदूरमधून सलग आठ वेळा लोकसभेवर निवडून जाणाऱ्या आणि पुढे लोकसभाध्यक्ष झालेल्या सुमित्राताई महाजन मूळच्या चिपळूणच्या. त्यांच्यासारख्या मराठी कन्येला माळव्याने आपली मानले, त्यामागे या मशागतीचाही वाटा आहे.

स्वतः कुशाभाऊ १९७९ च्या पोटनिवडणुकीत खंडव्यातून लोकसभेवर गेले. काही महिन्यांतच आलेल्या १९८० च्या निवडणुकीत ती जागा काँग्रेसकडे गेली. आणीबाणीत त्यांनी कारावास भोगला होता. सुटल्यावर त्यांनी सत्तेत वाटा मागितला नाही. अनेकांना मंत्री करणारा हा माणूस स्वतः कधी मंत्री झाला नाही. आजच्या काळात हे वाक्य अद्भुतकथेतील वाटावे, इतके आपले मापदंड बदलले आहेत.

अध्यक्षपदाची कसोटी

इथवरची कहाणी आजींना ठाऊक असल्यासारखीच आहे. काही नव्हते तेव्हा लोकांनी घर सोडले, आणि पक्ष मोठा झाला. आजींचा प्रश्न तर त्याच्या पुढचा आहे. म्हणून कुशाभाऊंच्या जीवनातील ज्या कालखंडाविषयी सर्वांत कमी बोलले जाते, त्याकडेच वळले पाहिजे.

मार्च १९९८ मध्ये अटलजींच्या नेतृत्वाखाली केंद्रात आघाडीचे सरकार आले. पक्षाध्यक्ष लालकृष्ण अडवाणी गृहमंत्री झाले आणि एप्रिल १९९८ मध्ये अध्यक्षपदाची धुरा पंचाहत्तरी ओलांडलेल्या कुशाभाऊंच्या खांद्यावर आली. ऑगस्ट २००० मध्ये बंगारू लक्ष्मण यांच्याकडे सूत्रे सोपवीपर्यंत ती त्यांनी वाहिली. या दोन वर्षांविषयी राजकीय समीक्षकांचा निकाल ठरलेला आहे. हा अध्यक्ष वक्ता नव्हता, दूरचित्रवाणीवर चमकणारा नव्हता, सत्तेचे खरे केंद्र पंतप्रधानांच्या कार्यालयात होते, आणि त्याच्या कारकिर्दीत पक्ष राज्यांच्या निवडणुका हरला.

यांतील एकही विधान खोटे नाही, आणि तरीही निकाल चुकीचा आहे. विरोधात असताना पक्षाध्यक्षाचे काम तुलनेने सोपे असते. शत्रू समोर असतो, आघात केला की कार्यकर्ता पेटून उठतो. आपलेच सरकार असताना मात्र अध्यक्षाला दोन तोंडांशी बोलावे लागते. सरकारची अडचण कार्यकर्त्याला समजावून सांगायची आणि कार्यकर्त्याची व्यथा सरकारच्या कानी घालायची. पहिले काम केले नाही तर कार्यकर्ता नाराज होतो. दुसरे केले नाही तर सरकार बहिरे होते. विमा क्षेत्रात परकीय भांडवलाला प्रवेश द्यावा की नाही, या प्रश्नावर त्या काळी परिवारातच किती तीव्र मतभेद होते, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. स्वदेशीचा आग्रह धरणारा कार्यकर्ताही आपला आणि तिजोरीचा हिशेब सांभाळणारा मंत्रीही आपला. अशा वेळी दोघांनाही ज्याच्या निःस्वार्थीपणाविषयी शंका नाही, असा माणूस मध्ये असावा लागतो. ज्याला मंत्रिपद नको आहे, त्याचेच बोलणे मंत्र्याला ऐकून घ्यावे लागते.

१७ एप्रिल १९९९ रोजी अटलजींचे सरकार अवघ्या एका मताने पडले. त्यानंतर कारगिलचे युद्ध झाले आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निवडणुका आल्या. १९९८ मध्ये पक्षाच्या १८२ जागा होत्या, १९९९ मध्येही १८२ आल्या. आघाडीला स्पष्ट बहुमत मिळाले आणि ते सरकार टिकले. तेरा महिन्यांत कोसळलेल्या सरकारमागे ज्यांनी संघटना विखरू दिली नाही, त्यांत कुशाभाऊंचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. पण आकड्यांच्या बातमीत संघटकाचे नाव छापून येत नाही.

कांद्याने शिकवलेला धडा

आता पराभवाविषयी. नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्ली, राजस्थान आणि मध्य प्रदेश या राज्यांच्या विधानसभा निवडणुका झाल्या. दिल्लीत पक्ष ७० पैकी १५ जागांवर आला, राजस्थानात २०० पैकी ३३ जागांवर घसरला आणि ज्या मध्य प्रदेशात कुशाभाऊंनी हयात घालवली, तेथेही सत्ता मिळाली नाही. केंद्रातील सरकारला पुरते वर्षही झाले नव्हते. पोखरणच्या अणुचाचण्यांनी देशाची मान उंचावून सहाच महिने लोटले होते. मग हे झाले कसे?

उत्तर आमच्या आळेफाट्यावरच्या प्रत्येक हमालाला माहीत होते. उत्तर होते कांदा. पावसाने पीक बिघडवले, आवक आटली आणि दिल्लीच्या बाजारात कांदा किलोला पन्नास रुपयांच्या आसपास पोहोचला. १२ ऑक्टोबरला साहिबसिंग वर्मांच्या जागी सुषमाजी स्वराज मुख्यमंत्री झाल्या, पण दीड महिन्यात त्या तरी काय करणार? मी तेव्हा पत्रकारितेत नवखा होतो. त्या दिवसांतली फाट्यावरची दोन दृश्ये अजून डोळ्यांपुढे आहेत. एका चहाच्या टपरीवर वर्तमानपत्रात दिल्लीतील गृहिणींच्या संतापाची छायाचित्रे होती. आणि ते वर्तमानपत्र हातात धरणारा शेतकरी म्हणत होता, "भाव आलाय खरा, पण माझ्याकडं विकायला कांदाच कुठं उरलाय?" दिल्लीत घेणारा रडत होता, इथे पिकवणारा. कांद्याने दोघांच्याही डोळ्यांत पाणी आणले.

आता विचार करा. चाळीतला उन्हाळी कांदा टिकणार की सडणार, हे चाळीजवळ राहणाऱ्या माणसाला श्रावणातच कळते. त्यासाठी दिल्लीची समिती लागत नाही. चाळीत शिरल्यावर वासच सांगतो. ही वार्ता आळ्याच्या शेतकऱ्याकडून तालुक्याच्या कार्यकर्त्याकडे, तेथून प्रांताकडे आणि प्रांतातून दिल्लीकडे वेळेवर पोहोचली असती, तर उपाययोजनेला दोन-तीन महिने हाती राहिले असते. प्रशासनाच्या कागदावर ती वार्ता उमटते, तेव्हा बाजार पेटलेला असतो. पक्षसंघटना हे सरकारचे नाक, कान आणि डोळे आहेत ते या अर्थाने. निवडणुकीत मतदाराला केंद्रापर्यंत आणणे हे तिचे एक काम झाले. मतदाराच्या चाळीतला वास वरपर्यंत पोहोचवणे हे दुसरे आणि अधिक कठीण काम.

हा धडा आपण पुरता शिकलो, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि ती मे २०२४ मध्ये, ऐन निवडणुकीत, उठली. शहरातील ग्राहकाचे हित पाहणे सरकारचे कर्तव्य आहे, यात वाद नाही. पण लोकसभेच्या निकालात दिंडोरी, नाशिक, अहिल्यानगर आणि आमचा शिरूर या कांदा पिकवणाऱ्या मतदारसंघांनी महायुतीला जो कौल दिला, तो सर्वांनी पाहिला. पराभवाला कारणे अनेक असतात आणि सारे खापर कांद्यावर फोडणे हाही भाबडेपणा ठरेल. पण पंचवीस वर्षांच्या अंतराने तेच पीक तोच प्रश्न विचारत असेल, तर उणीव धोरणात जितकी, तितकीच शेतकरी आणि दिल्ली यांमधील दुव्यातही शोधली पाहिजे. समाजमाध्यमांवर सरकारच्या यशाचे संदेश वरून खाली क्षणात येतात. खालून वर जाणाऱ्या वार्तेसाठी मात्र अजूनही माणूसच लागतो, आणि तोही असा की जो वर गेल्यावर गोड बोलून स्वतःसाठी काही मागणार नाही.

चेन्नईतील संयम

कुशाभाऊंच्या अध्यक्षीय कारकिर्दीतील आणखी एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. डिसेंबर १९९९ मध्ये चेन्नई येथे राष्ट्रीय परिषद भरली. आघाडीचा कार्यक्रम हाच आपला कार्यक्रम, असे पक्षाने तेथे जाहीर केले. याचा अर्थ अयोध्येतील राममंदिर, कलम ३७० आणि समान नागरी कायदा हे तिन्ही विषय त्या सरकारच्या काळापुरते बाजूला ठेवले गेले. ज्यांनी कारसेवेत लाठ्या झेलल्या होत्या, काश्मीरसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जींचे बलिदान ज्यांच्या हृदयात कोरलेले होते, त्यांना हे ऐकताना काय वाटले असेल? 'सत्तेसाठी ध्येय सोडले' असा टाहो विरोधकांनीही फोडला आणि काही स्वकीयांनीही.

हे निवेदन कार्यकर्त्यांच्या गळी उतरवणे एखाद्या चतुर राजकारण्याला जमले नसते. पण १९४२ पासून ज्याने स्वतःसाठी काहीच घेतले नाही, तो माणूस अध्यक्षपदी असताना 'ध्येय सोडले' हा आरोप कार्यकर्त्याच्या मनाला चिकटू शकला नाही. संख्याबळ नसताना हट्ट धरणे आणि ध्येय सोडणे यांच्यामध्ये एक तिसरी वाट असते. ती म्हणजे मशागत चालू ठेवून ऋतूची वाट पाहणे. मध्य प्रदेशात दहाचे अठ्ठ्याहत्तर करणाऱ्याला ही वाट नवी नव्हती. ५ ऑगस्ट २०१९ रोजी कलम ३७० निष्प्रभ करण्याचा निर्णय झाला. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत रामलल्लांची प्राणप्रतिष्ठा झाली. त्याच वर्षी उत्तराखंडच्या विधानसभेने समान नागरी संहितेचा कायदा संमत केला. चेन्नईत जे बाजूला ठेवले होते, ते टाकून दिलेले नव्हते. हे पाहायला कुशाभाऊ राहिले नाहीत, पण या प्रासादाच्या पायाखाली त्यांच्यासारख्यांच्या संयमाचे दगड आहेत.

४ डिसेंबर २००३ रोजी मध्य प्रदेश विधानसभेचा निकाल लागला. दहा वर्षांच्या काँग्रेस राजवटीनंतर भाजपने २३० पैकी १७३ जागा जिंकल्या. त्यानंतर चोवीस दिवसांनी, २८ डिसेंबर २००३ रोजी, दिल्लीत कुशाभाऊंनी देह ठेवला. प्रांताने आपल्या संघटकाला दिलेली ती अखेरची पावती म्हणावी लागेल. पुढे पाचच महिन्यांत केंद्रातील सत्ता गेली आणि पक्ष १३८ जागांवर आला. सारे काही चमकत असल्याच्या जाहिराती तेव्हा भिंतीभिंतीवर होत्या. संघटनेला जे खाली दिसत होते, ते वर दिसत नव्हते, असा या पराभवाचा एक अर्थ मी आजही लावतो.

आज रायपूरला कुशाभाऊंच्या नावे पत्रकारितेचे विद्यापीठ स्थापन झाले आहे. भोपाळच्या जुन्या मिंटो हॉलला २०२१ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. प्रसिद्धीपासून जन्मभर दूर राहिलेल्या माणसाच्या नावे पत्रकारितेचे विद्यापीठ असावे, हा काळाचा एक मिश्किल न्यायच. पण इमारतींवर नावे कोरल्याने त्यांचे ऋण फिटणार नाही. त्यांची जागा कोण घेतो, हा खरा प्रश्न आहे.

आजींना उत्तर

आजी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला इतका लांबचा फेरा घालावा लागला. तुम्ही म्हणालात, तेव्हा काही नव्हते म्हणून माणसाने घर सोडायचे. माझी नम्र विनंती अशी की हिशेब उलटा मांडून पाहावा. तेव्हा काही नव्हते, म्हणून येणारा प्रत्येक जण निरपेक्षच होता. पारखण्याची गरजच नव्हती. येरवड्याला जाण्यासाठी कोणी वशिला लावत नव्हते. आता सारे काही आहे. म्हणून येणाऱ्यांच्या रांगेत मागणारे अधिक असणार, हा मनुष्यस्वभाव आहे. काल दुसऱ्या झेंड्याखाली होते, तेही आज आपल्या मांडवात मानाच्या खुर्चीवर बसलेले दिसतात आणि सतरंज्या उचलणारा जुना कार्यकर्ता दाराशी उभा राहून ते पाहतो. त्याची खंत खोटी नाही, आणि नेतृत्वाने ती मोठ्या मनाने ऐकून घेतली पाहिजे. पक्ष वाढायचा तर दार उघडे ठेवावे लागते, हेही तितकेच खरे. पण दार जितके मोठे, तितका आतला खांब मजबूत हवा. मागणाऱ्यांच्या गर्दीत न मागणारे काही जण नसतील, तर संघटनेचे रूपांतर नुसत्या यंत्रणेत होते, आणि यंत्रणा कोणाचीही होऊ शकते.

म्हणून आज तुमच्या नातवाची गरज तुमच्या यजमानांच्या काळापेक्षा उणी नाही, उलट अधिक आहे. त्याने सभा गाजवायच्या नाहीत. आळ्यातील चाळीत सडणाऱ्या कांद्याची वार्ता त्याने मुंबई-दिल्लीपर्यंत न घाबरता न्यायची आहे आणि सरकारची अडचण गावाच्या पारावर न लाजता सांगायची आहे. आपल्या माणसांना आपल्याच माणसांविषयी खरे सांगणे, हे आणीबाणीतल्या सत्याग्रहाहून सोपे आहे, असे मला वाटत नाही.

आणि संघटनेलाही एक सांगायचे आहे. असा तरुण घराबाहेर पडतो, तेव्हा मागे एक घर उरते. त्या घराची विचारपूस करणे हे उपकार नव्हेत, कर्तव्य आहे. कुशाभाऊंच्या पिढीने माणसे जोडली ती परत परत त्या उंबरठ्याशी जाऊन. दोन वर्षे काम करून तो मुलगा परत येईल, तेव्हा त्याला पुन्हा नोकरीत उभे राहायला हात देणारे कोणी असले पाहिजे. त्यागाची अपेक्षा करणाऱ्यांनी त्यागाचा हिशेबही ठेवावा. आजींना हा प्रश्न परक्या पत्रकाराला विचारावा लागला, संघटनेतील कोणी त्यांच्याकडे जाऊन तो ऐकला नाही, हे मला अधिक टोचले.

गावातून निघताना मी समाधीच्या दर्शनाला गेलो. कोणाला उपमा उणी वाटू नये, पण मला नेहमी वाटते, आमच्या गावाने समाधी कोणाची जपली? सिंहासनावर बसलेल्याची नव्हे, आयुष्यभर ओझे वाहणाऱ्या एका मुक्या जिवाची. त्याच्या मुखातून वेद उमटले आणि त्याने ते स्वतःचे म्हणून मिरवले नाहीत, म्हणून सातशे वर्षांनंतरही लोक तेथे मस्तक टेकवतात. ओझे वाहणाऱ्याचा मान ठेवावा, ही या मातीची रीत आहे.

परवा आजींचा निरोप आला. नातवाने कारखान्यात राजीनाम्याची सूचना दिली आहे. आजींनी होकार दिला, पण एका अटीवर : दर महिन्याला एकदा घरी जेवायला यायचे आणि येताना बरोबरच्या कार्यकर्त्यांनाही घेऊन यायचे. पंगत मोडू द्यायची नाही, असे त्यांनी बजावले आहे.